तीन पायांचा मोर

आमच्या मास्तरांनी आमचं एकही नाटक पाहिलेलं नाही. ऐकलेली मात्र सगळी आहेत. तालीम सुरू झाली की ते कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची उचलतात, भिंतीला नाक लागेल इतकी पुढे नेतात आणि आमच्याकडे पाठ करून बसतात. संस्थेत नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, म्हातारा कशावरून तरी रुसलाय. दोनेक दिवसांनी त्याला कळतं, की आपण गिळलेला एकेक शब्द हा माणूस टिपून ठेवतो आणि तालीम संपल्यावर सगळ्यांदेखत आपल्या पदरात टाकतो.

मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "मास्तर, इकडे तोंड करून बसा ना."

"नको," ते म्हणाले. "चेहरे बगितले की मला सगळीच चांगली वाटतात. पोरं दिवसभर नोकऱ्या करून येऊन हितं घाम गाळूलाल्यात, त्यांच्या तोंडावर वाईट कसं म्हणायचं? भिंतीकडं बगून खरं बोलता येतंय."

आता हे मास्तर म्हणजे कोण ते सांगायला हवं. ते दिग्दर्शक नाहीत, नट नाहीत, लेखक तर नाहीतच. संस्थेच्या एकाही पत्रिकेवर त्यांचं नाव नाही, कारण ते छापू देत नाहीत. त्यांनी आयुष्यभर चादरींच्या कारखान्यात पुठ्ठ्याला भोकं पाडली. चादरीवर नक्षी उतरायची तर आधी ती चौकटीच्या कागदावर काढावी लागते, आणि मग कागदावरच्या एकेका घराप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडावी लागतात. भोक असेल तिथला धागा मागावर वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. अशा हजारो भोकांचं मिळून एक कमळ होतं. पुढे हे काम कॉम्प्युटरने घेतलं आणि मास्तर घरी बसले. घरी बसले म्हणजे आमच्या उरावर बसले, असं आमचे सेक्रेटरी म्हणतात.

सेक्रेटरी मूळचे करकंबचे, म्हणून मास्तर त्यांना नुसतं 'करकंब' म्हणतात. माणसांची नावं मास्तरांच्या लक्षात राहत नाहीत, गावं राहतात. मी मंद्रूपची म्हणून 'मंद्रूपबाई'. आमच्यात पंचविशीची एक मुलगी आहे, फार गुणी नटी, ती 'वळसंग'. आम्हालाही आता तीच सवय लागली आहे. एकदा मुंबईहून स्पर्धेचे परीक्षक आले होते. मास्तरांनी त्यांना "कुटलं तुमी?" विचारलं, ते "बोरिवली" म्हणाले, आणि मग संध्याकाळभर मास्तर त्यांना "ओ बोरिवली, चहा घ्या की" म्हणत राहिले. त्या वर्षी आम्हाला उत्तेजनार्थही मिळालं नाही. दोन्हींचा संबंध नसेल.

मास्तर संस्थेत आले कसे, ही कथा करकंब रंगवून सांगतात. तेव्हा तालमी एका कारखान्याच्या माडीवर चालायच्या आणि खाली मास्तर भोकं पाडत बसायचे. महिनाभर त्यांनी छतातून नाटक ऐकलं. मग एक दिवस जिना चढून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमचा तो मामा दुसऱ्या अंकात कुटं जातो? मी कवाधरनं वाट बगूलालोय." कोणालाच सांगता येईना. लेखक तिथेच बसला होता, त्यालाही सांगता येईना. पहिल्या अंकात पेटी घेऊन आलेला मामा दुसऱ्या अंकात खरोखरच हरवला होता आणि ते एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मामा सापडेपर्यंत मास्तर रोज वर येत राहिले. तो सापडल्यावर त्यांना जा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

त्यांच्या खांद्याला नायलॉनच्या दोरीने अडकवलेला पीव्हीसीचा पाइप असतो, दोन्ही तोंडांना टोपणं लावलेला. सिटी बसमध्ये लोक त्यांना नळाची कामं सांगतात. एकदा एका बाईंच्या घरी जाऊन मास्तरांनी नळाचा वायसर बदलूनही दिला, कारण त्या "लई गयावया करूलालत्या". त्या पाइपात असतो चौकटीचा कागद. मास्तर नाटकाची नक्षी काढतात. कागदाची एक आडवी ओळ म्हणजे नाटकाचं एक पान. प्रत्येक पात्राला एक रंग. त्या पानावर ज्याचं जितकं बोलणं, तितकी घरं त्याच्या रंगाची. जिथे कोणीच बोलत नाही, ते घर कोरं. अशी सगळ्या नाटकाची रंगीत पट्टी तयार झाली की ती जमिनीवर पसरायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि वरून बघत राहायचं. कुठे एक रंग फार माजलाय, कुठे एखादा धागा सुटलाय, ते त्यांना तिथे दिसतं. आम्ही सुरुवातीला हसलो. मग हसू आवरून ज्याने त्याने त्या कागदावर आपला रंग शोधायला सुरुवात केली.

त्यावरून भांडणंही झाली. नायकाला कायम तपकिरी. "मळखाऊ असतंय," मास्तर म्हणायचे, "सगळ्यांचे हात तेच्यावरच पडनार." लाल रंग नाटकात एकालाच, आणि तो बहुतेक वेळा दोन वाक्यांच्या पोस्टमनला जायचा. आमच्या एका नटाने लाल मिळावा म्हणून आठवडाभर मास्तरांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली. मास्तरांनी ती मनापासून खाल्ली आणि त्याला राखाडी दिला.

मास्तर टाळ्या वाजवत नाहीत. नाटक मनासारखं झालं, तर प्रयोगानंतर तो कागद चार घड्या घालून लेखकाच्या हातात देतात. नाही झालं, तर कागद परत पाइपात. या सोलापुरात असे कागद मिळालेले तीन की चार लेखक आहेत, आणि त्यातल्या एकाने तो चौकट करून देवघराशेजारी लावलाय. माझ्या पहिल्या नाटकाचा कागद पाइपात गेला. मी तहसील कचेरीत कारकून आहे, दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज वाचते, त्यामुळे माझ्या नाटकातली माणसंही अर्ज केल्यासारखी बोलायची. मास्तर म्हणाले, "मंद्रूपबाई, ह्यात कोरं घर एक बी न्हाई. शेवट तर बोलून बोलून मारून टाकला तुमी. जरा जागा सोडायची की. नक्षी दिसती ते मोकळ्या कापडामुळं."

मला राग आला. पुठ्ठ्याला भोकं पाडणाऱ्यांनी मला नाटक शिकवू नये, असं मी म्हणाले. मनात नाही, तोंडावर म्हणाले. मास्तरांनी थोडा विचार केला आणि "ते बी खरंच हाय" म्हणून चहा प्यायला गेले. मी त्यांच्याशी दोन महिने बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, याचा मला मूळ रागापेक्षा जास्त राग आला.

त्यांना कापड उलटं करून बघायची खोड आहे. चादर, टॉवेल, सतरंजी, जे हाताला लागेल ते आधी उलटं करायचं. "सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असती. विणनाऱ्यानं उलटी बगायची." एका लग्नात त्यांनी अनोळखी विहीणबाईंचा पदर उलटा करून बघितला, तेव्हापासून त्यांची बायको त्यांना लग्नात बायकांच्या बाजूला फिरकू देत नाही. या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी बोलतात आणि मास्तरांवर दोन्हींत रागावतात. मास्तर लेखकांनाही उलटी बाजू विचारतात. हा माणूस आत येण्याआधी बाहेर काय करत होता? ही बाई गेली ती जेवून गेली की उपाशी? मी आता लिहिताना हे प्रश्न स्वतःला विचारते, पण त्यांना तसं कधी सांगितलेलं नाही.

आणि आता मोर. मास्तर तरुण असताना त्यांनी एका चादरीसाठी मोर काढला होता. पुठ्ठ्यावर उतरवताना हात चुकला, पायाच्या ओळींत जास्तीची भोकं पडली. मागाला काय, भोक पडलं की धागा उचलायचा एवढंच कळतं. मालकाने बघेपर्यंत अख्ख्या मालावर तीन पायांचे मोर विणून झाले होते. तो बाद माल आसपासच्या आठवडी बाजारांत कमी किमतीला विकून टाकला. मास्तरांच्या ते इतकं जिव्हारी लागलं, की पुढची कित्येक वर्षं ते त्या चादरी हुडकत हिंडले. कोणी म्हातारा मोर पांघरून बसलेला दिसला की त्याला नवी कोरी चादर द्यायची आणि मोर काढून घ्यायचा. अशा अकरा चादरी त्यांच्या घरी ट्रंकेत बंद आहेत. पाहुण्यालासुद्धा ते त्या पांघरायला देत नाहीत.

हे मला कळलं ते असं. संस्थेत गप्पा चालल्या होत्या आणि मी गंमत म्हणून सांगितलं, की लहानपणी शाळेत मी मोराला तीन पाय काढले म्हणून बाईंनी कान पिळला होता. आमच्या घरच्या चादरीवर मोराला तीनच पाय होते. आई मंद्रूपच्या बाजारातून ती घेऊन आली होती आणि आम्ही भावंडं त्याच मोराखाली लहानाची मोठी झालो. खरा मोर मी पुढे बघितला तेव्हा मला त्याची कीवच आली. सगळे हसले. भिंतीकडे बसलेले मास्तर तेवढे उठून माझ्याजवळ आले.

"अजून हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे की. आईकडे."

"मला द्या. दोन नव्या देतो."

मी आईला फोन केला. आई म्हणाली, "त्यांना म्हनावं, तुमच्या दोन तुमच्यापाशी ठिवा. तिसरा पाय हाय म्हनून तर ती आमच्या घरातली चादर हाय." हा निरोप मी मास्तरांना सांगितला. त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा जपून वागायला लागले, जणू त्यांची काहीतरी चीज माझ्याकडे गहाण पडली होती.

तर असा हा माणूस गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत उठून उभा राहिला. आमचा हंगाम दरवर्षी ठरलेला. एक विनोदी, एक कौटुंबिक, एक ऐतिहासिक, आणि तिन्ही आधी दुसऱ्या कोणीतरी गाजवलेली. मास्तर म्हणाले, "यंदा तिन्ही कोरी करू." आमच्याकडे पाणी न लागलेल्या कापडाला कोरं म्हणतात. त्यांना म्हणायचं होतं, आपल्याच माणसांनी लिहिलेली, अजून कोणाच्या अंगाला न लागलेली नाटकं.

"आणि लोक आले नाहीत तर?" करकंबांनी विचारलं.

"मग तुमी बी भिंतीकडं बगून करा. मला तर सवय हाय."

हसण्याहसण्यातच ठराव झाला. पहिलं नाटक माझं. दुसरं एका गॅरेजवाल्याचं, दखनी उर्दूतलं, तो इंजिन खोलता खोलता संवाद मोबाइलमध्ये बोलून ठेवतो. तिसरं कॉलेजातल्या दोन मुलींनी मिळून लिहिलेलं. फ्लेक्स लागला, नाट्यगृहाची तारीख मिळाली, आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रांऐवजी तालमीचे फोटो यायला लागले. मला कचेरीतही आपोआप हसू यायचं.

माझं नाटक एका खोलीत राहणाऱ्या आई आणि मुलीचं आहे. आई दिवसपाळीला टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करते, मुलगी दवाखान्यात रात्रपाळीला आया आहे. एक येते तेव्हा दुसरी गेलेली असते. झाकून ठेवलेलं जेवण आणि कपाटाच्या दारावर खडूने लिहिलेले निरोप, यांवरच त्यांचं भांडण आणि माया चालते. मध्ये मध्ये घरमालक आणि शेजारीण येतात. शेवटच्या प्रवेशात दोघी एकदाच्या समोरासमोर येतात आणि मनातलं सगळं बोलतात. तो प्रवेश माझा फार लाडका होता. मुलीचं काम वळसंगकडे आणि आईचं आमच्या बार्शीच्या बाईंकडे, ज्या बँकेतून निवृत्त झाल्या आहेत आणि ज्यांची कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येते.

प्रयोगाला तीन आठवडे उरले असताना बार्शीच्या बाईंचा फोन आला. हैदराबादला त्यांच्या मुलीला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या. बाई रडत होत्या आणि रडता रडता बॅग भरत होत्या. त्यांना काय बोलणार? लेकीच्या बाळंतपणापुढे नाटक कसलं! मीच त्यांना सांगितलं, निर्धास्त जा.

करकंबांनी दुसऱ्याच दिवशी बैठक घेतली. इतक्या थोड्या दिवसांत आईचं काम उचलेल अशी बाई मिळणं कठीण होतं. ते म्हणाले, "आठवडाभर बघू. नाहीतर आपलं ते जुनं विनोदी लावू, सगळ्यांचं तोंडपाठ आहे." ते वाईट हेतूने बोलत नव्हते, पण मला पुढचं सगळं दिसायला लागलं. पहिलंच कोरं नाटक गळालं की गॅरेजवाला आणि त्या दोन मुली आपोआप गळणार, आणि पुढची दहा वर्षं 'एकदा करून बघितलं, नाही जमलं' हे ऐकावं लागणार. त्या आठवड्यात मी पाच बायकांच्या घरी जाऊन आले. पाचही जणींनी चहा दिला आणि नकार दिला.

रविवारी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेले, पूर्व भागात. शेजारच्या बोळात माग चालू होते. मास्तरांनी माझ्या नाटकाचा कागद जमिनीवर पसरला होता आणि त्यावर अगदी वाकून रंग भरत होते. मी बघितलं आणि बघतच राहिले. आईला तपकिरी रंग दिला होता, ते ठीक. मुलीला निळा देणार असं त्यांनीच मला सांगितलं होतं, पण कागदावर निळा रंग नव्हताच.

"मास्तर, दोघींनाही तपकिरी?"

"एकीला तपकिरी, एकीला निळा," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या हातातली पेन्सिल तपकिरीच होती.

आतून अक्का आल्या. "एमंडी, अहो, सांगा की आता. किती दिवस लपवणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चार महिने झाले. डागदर म्हनला मोतीबिंदू हाय, ऑपरेशन करा. हे करत न्हाईत. परवा लग्नाला एका पायात निळा मोजा, एका पायात तपकिरी घालून गेले."

ते मोजे मी तालमीत पाहिले होते. आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते, आणि मास्तरांची आणखी एक तऱ्हा म्हणून हसलो होतो. विक्षिप्त माणसाचं हेच वाईट आहे, त्याचं दुखणंही आपण त्याच्या तऱ्हेतच धरतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

मास्तर पेन्सिली डबीत ठेवायला लागले. "डोळ्यात सुई घालनार म्हनूलाल्यात," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "जाऊ द्या मंद्रूपबाई. ज्याला रंग कळत न्हाई त्यानं नक्षी काढू नये. करकंबला सांगा, जुनंच लावा. आन् हे घेऊन जा, फाडून टाका." त्यांनी कागदाची गुंडाळी माझ्या हातात कोंबली. ज्या कागदासाठी मी इतकी वर्षं झुरले, तो असा मिळावा, असं मला कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. माझा विचार साधा होता. संहिता शेजारी ठेवायची, जिथे मुलगी बोलते तिथे निळा भरायचा आणि दुरुस्त कागद मास्तरांना नेऊन द्यायचा. निळी पेन्सिल हातात घेतली आणि वरून खाली बघत गेले. तपकिरी पट्टा पहिल्या ओळीपासून सलग खाली येत होता. कुठे रुंद, कुठे अरुंद, पण एकच. एका पानावर आई, दुसऱ्यावर मुलगी, पुन्हा आई. शेवटच्या चार ओळी सोडल्या तर एकाही ओळीत दोघी मिळून नव्हत्या. नाटक मी लिहिलेलं, दोघी भेटत नाहीत हे माझंच कथानक, पण एकच नटी दोन्ही करू शकेल हे मला सुचलं नव्हतं. दोन रंग असते तर अजूनही सुचलं नसतं.

अडचण फक्त त्या चार ओळींची होती. माझा लाडका प्रवेश! मी स्वयंपाक केला, भांडी घासली, कपडे वाळत घातले, आणि मग बसून आईची त्या प्रवेशातली सगळी वाक्यं एकेक करून खोडली. सुटीचा दिवस, आई आता झोपलेली. डोक्यावरून चादर घेतलेली, नुसतं गाठोडं. मुलगी सकाळी कामावरून येते, तिच्या उशाशी बसते, तीन वाक्यं बोलते आणि गप्प होते. बाकी कोरं. खोडताना जीव तुटत होता, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी मी आईला फोन करून विचारलं, तुझी मोराची चादर पंधरा दिवस देशील का. आई म्हणाली, "परत आनून देनार असशील तर ने."

करकंबांना युक्ती आवडली, पण त्यांचा विश्वास बसेना. पंचविशीची पोरगी पंचेचाळिशीच्या बाईचा आवाज कुठून आणणार? शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "मास्तरांना काही सांगायचं नाही. ते भिंतीकडे बसून ऐकतील. त्यांना दोन वेगळ्या बाया ऐकू आल्या तर तुझं नाटक. एकच ऐकू आली तर जुनं विनोदी." मी हो म्हणाले. वळसंगने आठवडा घेतला. तिची आई कारखान्यात शिलाई करते. आठवडाभर ती घरी आईच्या मागे मागे फिरत होती आणि आई वैतागली होती.

मास्तर यायला तयार नव्हते. अक्कांनीच पाइप त्यांच्या खांद्याला अडकवला आणि "घरात बसून माझं डोकं खाऊ नका" म्हणून रिक्षात घातलं. परवा संध्याकाळी ते आले, कोणाशी न बोलता खुर्ची उचलली आणि भिंतीशी जाऊन बसले. अक्का दाराजवळ बसल्या.

मी नाटक बघितलंच नाही. मी मास्तरांची पाठ बघत होते. पहिल्या प्रवेशात ती ताठ होती. दुसऱ्यात त्यांनी मान जरा डावीकडे केली. मध्ये एकदा हसले, आई निरोप लिहिताना 'भात करपवू नको' म्हणते तिथे. शेवटी वळसंगने तीन वाक्यं म्हटली आणि ती गप्प झाली. तालमीच्या खोलीत पंखा घरघरत होता. मला वाटलं, मी उगाच खोडली सगळी वाक्यं, हे फार लांबलं, कोणीतरी काहीतरी बोला. कोणी बोललं नाही. मास्तरांचे खांदे हळूहळू खाली आले.

मग भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "आईचं काम करनारी बाई कुटली?"

"वळसंगची," करकंब म्हणाले.

"आन् मुलीचं?"

"ती पण वळसंगचीच."

मास्तर म्हणाले, "वळसंगनं दोन बाया पाटवल्या व्हय?"

आधी अक्का हसल्या. मग वळसंग हसता हसता रडायला लागली, आणि मीही. करकंबांनी चष्मा काढून पुसला आणि फ्लेक्स बदलायचा नाही असं फोनवर कोणाला तरी सांगितलं.

मी मास्तरांना सगळं सांगितलं. तपकिरी पट्टा, खोडलेली वाक्यं, सगळं. वाटलं होतं खूश होतील. ते म्हणाले, "चूक ती चूकच हाय, मंद्रूपबाई. उगं मला शहाना करू नका." पण मग ते उठले, खुर्ची उचलली आणि तिचं तोंड आमच्याकडे करून बसले. आजवर असं कधी झालं नव्हतं. सगळे बघत राहिले.

"काय बगूलालाव?" ते म्हणाले. "आता मला चेहरे कुटं दिसूलाल्यात? ऑपरेशन होईपर्यंत समोर बसतो. एकदा दिसायला लागलं की पुन्हा भिंत."

"पहिलं नाटक झालं की सोमवारी ऑपरेशन," अक्का म्हणाल्या. "मी नंबर लावून आले." मास्तरांनी "बरं" म्हटलं. मला वाटतं, त्यांच्या संसारातलं हे पहिलं निमूट बरं असावं.

येत्या शनिवारी पडदा उघडेल. कागद अजून माझ्याकडेच आहे, पण तो दिलेला नाही, फाडायला दिलेला आहे. प्रयोगानंतर मी तो मास्तरांना परत करणार आहे. मग त्यांनी घडी घालून माझ्या हातात द्यावा, नाहीतर पाइपात टाकावा. त्यांची मर्जी.

परवा निघताना ते मध्येच थांबले आणि तालीम झाली त्या जागेकडे वळले. तिथे खाटेवर गाठोडं तसंच होतं, त्यावर माझ्या आईची चादर. त्यांनी सवयीने कोपरा धरून ती उलटी केली, अंगठा फिरवला, पुन्हा सुलटी केली. बोटं मोराच्या पिसाऱ्यावरून मानेवर आली, मानेवरून पोटावर, आणि खाली येऊन एका जागी थांबली. त्या चादरीसाठी हा माणूस बाजार बाजार हिंडला होता, अकरा चादरी ट्रंकेत कोंडून बसला होता. मी म्हणाले, "मास्तर, तुम्हाला नको असेल तर दुसरी आणते."

त्यांनी मान हलवली. चादर हळूहळू ओढून फिरवली, नीट केली आणि करकंबांना म्हणाले, "पाय लोकांकडं करा. तिन्ही दिसू द्यात."